पुढचं कडवं

माझ्या ताईच्या नवऱ्याला लोक पाठांतरसम्राट म्हणतात. मी भावजी म्हणते, आणि तेही दात आवळून.

हे सम्राटपद त्यांना मिळालं एका कवितेवर. ती जुनी, लांबलचक कविता. शाळेच्या पुस्तकात तिची दोनच कडवी छापतात आणि आपल्यापैकी बहुतेकांना तेवढी म्हातारपणापर्यंत पुरतात. एक वाटसरू डोंगरावर वाट चुकतो आणि जे भेटेल त्याला घराचा रस्ता विचारत सुटतो. शिखराला विचारतो, कड्याला विचारतो, झऱ्याला, रानाला, नदीला. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच पालुपद, 'माझे घर कोणीकडे?' भावजी ही कविता अख्खी म्हणायचे. हातात चिठोरा नाही, डोळे मिटलेले, एक हात छातीवर. ऐकणारे तोंडात बोटं घालायचे. ते शाळेचे हेडमास्तर, तेव्हा शाळेच्या संमेलनात दरवर्षी हे व्हायचंच. मग दुसऱ्या शाळांनी बोलावलं, मग वाचनालयांनी, मग गल्लोगल्लीच्या मंडळांनी. कवी बिचारा कधीच वर गेला होता, त्यामुळे कविता 'हेडसरांची' म्हणूनच ओळखली जायला लागली आणि त्यावर कोणी हरकतही घेतली नाही.

आता आतली गोष्ट सांगते. भावजींना एकेक कडवं घोटून पाठ होतं, पण कुठल्या कडव्यामागून कुठलं येतं हे त्यांना जन्मात लक्षात राहिलं नाही. 'झऱ्या' एवढा शब्द कानावर पडला की झऱ्याचं कडवं खळ न पडता शेवटापर्यंत यायचं. पालुपद संपलं, की मात्र डोकं कोरं. कविता पाठ करणाऱ्याला ही अडचण ठाऊक असते. पहिला शब्द गेला की सगळं कडवं कुलूपबंद होतं, मग आत कितीही ऐवज असो.

तो पहिला शब्द ताई द्यायची. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीजवळ उभी राहून, प्रत्येक कार्यक्रमात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ते आजारी पडेपर्यंत. भावजी माइक नेहमी डावीकडे सरकवून घ्यायचे. लोकांना वाटायचं, सरांची लकब आहे.

शब्द कसा द्यायचा हे तिला मी शिकवलं होतं. मी नाटकात प्रॉम्प्टर. आयुष्य विंगेत काढलं. कितीतरी नामवंत नट माझ्या जिभेवर जगले आणि रंगपटात आल्यावर मला ओळख न दाखवता चहा पिऊन गेले, त्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण मला त्याचा पगार होता. आमच्या कामाची रीत साधी आहे. नटाचा श्वास संपायच्या आत शब्द पोचला पाहिजे. उशीर झाला तर ती शांतता पहिल्या रांगेला ऐकू जाते, घाई झाली तर नट दचकतो. आणि पूर्ण वाक्य द्यायचं नाही, फक्त पहिला शब्द. नट तो शब्द विचार न करता उचलतो. विचार करायला थांबला तर पडलाच. म्हणून चुकीचा शब्द देणं हे आमच्याकडे पाप. मी ते कधीही केलं नव्हतं.

ताईला मात्र पगार नव्हता. आणि मुळात कविता तिची होती. आम्ही लहान असताना शाळेने दोन कडवी घोकायला लावली तेव्हा आम्ही सगळ्या रडत होतो, आणि ही पठ्ठी वाचनालयातून कवितेचं पुस्तक आणून उरलेली कडवी आपल्या हौसेने पाठ करत बसली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ऐकणार नव्हतं. कपडे पिळताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची, मला चिडवायला माझ्या कानाशी येऊन म्हणायची. लग्न झाल्यावर नवऱ्याला म्हणून दाखवली. नवऱ्याला आवडली. इतकी आवडली, की त्याने ती तिच्या तोंडून कडवं कडवं करून उतरवून घेतली, कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा तेही सगळं उचललं, आणि स्टेजवर जाऊन उभा राहिला.

"अहो, तो माणूस वरून खाली उतरतोय," ताई त्यांना समजवायची. मी कितीदा ऐकलंय. "शिखर, मग कडा, मग झरा, मग रान. मग नदी, पूल, शेत, विहीर. मग कुंपण, अंगण, उंबरा. घर जवळ येतंय त्याचं. एवढं ध्यानात ठेवलं तर चुकालच कसे?"

"तू मला कविता शिकवू नकोस," भावजी म्हणायचे. "शब्द दे म्हणजे झालं."

ती द्यायची. वर हसायची. मी तिच्यावर खेकसायचे, की अगं, तू पुढे हो ना, तुझी कविता तू म्हण. ती म्हणायची, "मला म्हणायला मिळतेच की. मी मनात सगळी म्हणते त्यांच्याबरोबर." असल्या माणसाशी भांडून काय उपयोग? मी नाद सोडला. पण ठकीच्या बाबतीत जे झालं ते मला गिळता आलं नाही.

ठकी म्हणजे ताईची मुलगी. आता मोठ्या दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे सरळ करते आणि त्यांना दरडावते, पण माझ्यासाठी ठकीच. लहानपणी प्रत्येक कार्यक्रमाला तिला पहिल्या रांगेत बसवायचे. शेजारची खुर्ची आईसाठी. ठकी तिच्यावर रुमाल टाकून ठेवायची, आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्या रुमालावर कोणी बसायचं नाही. तिने विचारलं की भावजी सांगायचे, "तुझ्या आईला कवितेचा कंटाळा येतो. ती मागे बायकांशी गप्पा मारत बसलीय." खोटं बोलायचं तर निदान जरा बरं तरी बोलावं. पण दुसरं काही सांगितलं असतं तर पोरगी आईला शोधत विंगेत आली असती आणि सम्राटांचं बिंग फुटलं असतं.

ताईने शेवटच्या आजारपणात मला शपथ घातली. "ठकीला तू सांगायचं नाहीस. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर सांगू दे. मावशीने बापाचं पितळ उघडं पाडलं असं नको व्हायला." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसापुढे आपण कशालाही हो म्हणतो.

ती गेल्यावर आम्ही दोघी तिचं कपाट आवरत होतो. साड्यांच्या घड्या घालता घालता ठकी म्हणाली, "आईला कशाचीच गोडी नव्हती गं, मावशी. बाबांचं एवढं नाव झालं, ही कधी एकदा समोर येऊन बसली नाही. मला कविता म्हणून बक्षीस मिळालं, त्या दिवशीही नाही. मी स्टेजवरून बघत होते. खुर्ची रिकामीच."

त्या दिवशी ताई तिच्यापासून हाताच्या अंतरावर, विंगेत उभी होती. मुलीच्या नंतर नवऱ्याची पाळी होती ना. मुलीचं म्हणणं ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पदर तोंडात कोंबून उभी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि इथे मुलगी घडी घातलेली साडी ठेवून देत म्हणतेय, आईला गोडी नव्हती. मी जीभ चावली. खरोखर चावली, दोन दिवस तिखट खाता आलं नाही. ताईला राग यायचा नाही, तो वाटाही माझ्याकडेच आला होता. हे या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं, ठकीसमोर, हे मी त्या कपाटापुढे ठरवलं.

संधी तोच घेऊन आला. माझ्या खोलीवर, हातात सफरचंदांची पिशवी.

"मेहुणीबाई, माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवलाय," भावजी म्हणाले. "मोठा हॉल आहे. कविता म्हणा म्हणून मागे लागलेत."

"म्हणा की मग. पाठ आहे ना?"

ते पिशवीच्या बंदाशी खेळत राहिले. "आता ती नाहीये ना."

"कोण नाहीये?" मी विचारलं. मला काही कळत नव्हतं अशातला भाग नाही.

"तुम्ही विंगेत उभ्या राहाल का? तुमचं तर कामच ते. तुम्हाला सगळी येतेही."

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसले. म्हटलं, "राहीन. एका अटीवर. कविता सुरू करायच्या आधी एक वाक्य बोलायचं. ही कविता मला माझ्या बायकोने शिकवली आणि ती कायम विंगेत उभी राहून मला शब्द देत आली. बस. एवढंच. ठकी समोर असेल तेव्हा."

भावजींचा चेहरा कडू औषध पाजल्यासारखा झाला. "आता या वयात ते कशाला उकरून काढायचं? विद्यार्थ्यांना काय वाटेल?"

"मग विद्यार्थ्यांनाच उभं करा विंगेत."

त्यांनी कप उचलून एक घोट घेतला. मग म्हणाले, "बरं. सांगतो."

"माझ्या गळ्याची शपथ नको, तुमच्या कवितेची घ्या."

"सांगतो म्हटलं ना," ते म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले. सफरचंदं मी खालच्या वॉचमनला देऊन टाकली.

सत्काराच्या संध्याकाळी मी लवकर पोचले. हॉल नवा होता, पण विंगा सगळ्या सारख्याच. काळा पडदा, दोरखंड, मोडक्या खुर्च्यांची चळत, कोणीतरी विसरलेला लाकडी मुकुट. मी दोरीजवळची जागा धरली. तिथून स्टेज दिसतं आणि पहिल्या रांगेचा डावा भागही दिसतो. ठकी तिथेच बसली होती, बापाने घेऊन दिलेली साडी नेसून. कुठल्या मनाने गेले होते हे खरं सांगायचं तर, दोन्ही मनांनी. बोलला तर सरळ शब्द देणार होते. नाही बोलला तर काय करायचं, तेही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल इतकं पक्कं होतं.

हार झाले, शाल झाली, फोटो झाले. एका माजी विद्यार्थ्याने सरांची छडी किती प्रेमळ होती ते सांगितलं. मग भावजी माइकपाशी आले, सवयीने तो डावीकडे सरकवला, आणि बोलायला लागले. शाळेबद्दल बोलले, स्मरणशक्तीबद्दल बोलले, हल्लीच्या मुलांना दोन ओळी पाठ नसतात म्हणून हळहळले. मी वाट बघत होते.

"आज माझी पत्नी हवी होती," ते म्हणाले.

मी पडदा घट्ट धरला.

"अर्थात, ती असती तरी हॉलमध्ये नसतीच," भावजी हसून म्हणाले. "कवितेचं आणि तिचं वाकडं होतं. मी कविता म्हणायला लागलो की तिला झोप यायची. पण माझ्या सदऱ्याला कडक इस्त्री मात्र तिने कायम केली हो. तेवढं श्रेय तिला दिलंच पाहिजे."

हॉल हसला. चांगला खळखळून हसला. मी ठकीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मान खाली घालून मांडीवरच्या पर्सची चेन उघडत-मिटत होती, आणि हे आपल्याला आधीच माहीत होतं अशा चेहऱ्याने बसली होती. भावजींनी माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. म्हातारीने विंगेत येऊन उभं राहायचं कबूल केलंय, आता ती जाते कुठे, असा त्यांचा हिशेब.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण प्रॉम्प्टरचं एक असतं. आम्हाला राग शांतपणे धरता येतो.

भावजींनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. मी म्हटलं, "शिखरा."

शिखर झालं. आवाज अजून चांगला होता, ते मी नाकारत नाही. ताईने जिथे थांबायला शिकवलं होतं तिथे थांबत होते, जिथे उतरायला शिकवलं होतं तिथे उतरत होते. मी ऐकत होते आणि मला भावजी दिसत नव्हतेच, कपडे पिळणारी ताई दिसत होती. पालुपद आलं, मान किंचित माझ्याकडे कलली. मी कडा दिला. मग झरा दिला. मग रान, नदी, पूल, शेत, विहीर. एकेक शब्द श्वासावर, अगदी मापात. हॉल चिडीचूप. भावजी सैल झाले, रंगात आले. मला तेच हवं होतं. वाटसरू आता गावाशी पोचला होता. कुंपण, अंगण, उंबरा, की घर.

विहिरीचं पालुपद संपलं. मान कलली.

"नदी," मी म्हटलं.

त्यांनी उचलला शब्द. कसे नाही उचलणार? ऐकायचं आणि म्हणायचं, मधे विचार नाही, हीच तर सवय. नदीच्या दुसऱ्या ओळीवर त्यांचे डोळे उघडले. पण कडवं अर्ध्यात सोडता येत नाही, ते संपवावंच लागतं. नदी परत संपली. लोकांना वाटलं, काहीतरी कलाकुसर आहे. मागून एकाने "वा" म्हटलं.

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी निर्मळ चेहऱ्याने "पूल" म्हटलं. क्रमाने तेच बरोबर होतं. मग शेत. मग विहीर. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सरल्या. त्यांना वाटलं असावं, म्हातारीकडून चूक झाली, सावरलं. विहिरीचं पालुपद त्यांनी मोठ्या विश्वासाने म्हटलं आणि मान कलवली.

"नदी," मी म्हटलं.

वाटसरू बिचारा तिसऱ्यांदा नदीत उतरला. आता हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. विद्यार्थीच ते, सगळ्यांनी कधी ना कधी या कवितेपायी छडी खाल्लेली. माना वळायला लागल्या, एक बाई शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघींनी तोंडावर हात धरले. भावजींच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. कडक इस्त्रीच्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुठल्या टाळीने वाटलं नव्हतं इतकं.

नदीचं कडवं संपवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ठरवलं असणार, की आता हिचं ऐकायचं नाही, स्वतः जायचं. पालुपद म्हटलं, छताकडे पाहिलं, ओठ हलवले. आता स्वतःच्या डोक्याने कुठे जातात ते मीही उत्सुकतेने बघत होते. ताईने सांगितलेलं एवढंसं ध्यानात ठेवलं असतं, की माणूस खाली उतरतोय, तर सुटले असते त्याच क्षणी.

"रानातल्या," भावजींनी दणक्यात सुरुवात केली.

रानात गेले. म्हणजे उलटे वर चढले.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसऱ्या कोणीतरी. हेडसरांच्या कार्यक्रमात पोरं अशी हसली असती तर दुसऱ्या दिवशी बाकावर उभी राहिली असती, पण आता ही पोरं टक्कल पडलेली होती आणि सरांच्या हातात छडी नव्हती. भावजींनी रान कसंबसं पार केलं. 'माझे घर कोणीकडे?' हे त्यांनी विचारलं ते जन्मात कधी विचारलं नव्हतं इतकं खरं. ताईने ऐकलं असतं तर म्हणाली असती, हां, आता जमलं.

मग शांतता. पहिल्या रांगेला ऐकू जाते ती, आणि शेवटच्या रांगेलाही.

मी शब्द दिला नाही. चुकीचाही नाही. ओठ मिटून उभी राहिले. भावजी वळले, आता नुसत्या मानेने नाही, अख्खे वळले, विंगेकडे तोंड करून, आणि माइक तोंडाशीच होता.

"अगं," ते म्हणाले, "पुढे काय?"

मला भावजी कधी अगं म्हणत नाहीत. मेहुणीबाई, अहो, तुम्ही. अगं ते एकाच माणसाला म्हणायचे, आयुष्यभर, नावाच्या जागी. ते काय बोलून गेले हे त्यांना कळलं तेव्हा स्पीकरमधून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलेलं होतं. पहिल्या रांगेत ठकीने मान वर केली.

"ती नाहीये भावजी," मी म्हटलं. प्रॉम्प्टरच्या आवाजात नाही, चारचौघांत बोलतात त्या आवाजात. "ती इथे का उभी असायची ते सांगा. मग देते पुढचा शब्द."

"नंतर बोलू," ते पुटपुटले. तेही माइकमध्ये गेलं.

"नंतर नाही."

संयोजकांपैकी एक जण खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. कोणाला काय करावं कळत नव्हतं. ठकी मात्र उभी राहिली. दवाखान्यात पेशंटला विचारते त्याच आवाजात तिने जागेवरून विचारलं, "बाबा, तिथे कोण उभं असायचं?"

भावजींनी शाल सारखी केली. मग माइकवर हात ठेवला, मग काढला. त्यांची अवस्था बघून पुढच्या रांगेतल्या एका बाईने चुक् केलं. मी नाही केलं.

"तुझी आई," ते म्हणाले.

"कधी?"

"नेहमीच."

"म्हणजे प्रत्येक वेळी?"

"मला क्रम राहत नाही लक्षात," भावजी म्हणाले. आवाज एवढासा झाला होता. "कुठल्या कडव्यानंतर कुठलं, ते ती सांगायची. कविताही तिचीच. तिनेच शिकवली मला."

"मला बक्षीस मिळालं त्या दिवशी?"

"तेव्हाही. इथेच. म्हणजे, त्या हॉलच्या विंगेत."

हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं. मी ताईला मनातल्या मनात म्हटलं, बघ, मी नाही सांगितलं, त्यांनीच सांगितलं, शपथ मोडली नाही. हे काही फार सरळ काम नव्हतं हे मलाही कळतं. पण ताई सरळ वागून काय मिळवून गेली ते मी पाहिलंय.

बोलले होते त्याप्रमाणे आता शब्द द्यायला हवा होता, आणि विहिरीपर्यंतचं सगळं म्हणून झालेलंच होतं. कुंपण. मी तोंड उघडणार, एवढ्यात ठकी बाजूच्या पायऱ्यांनी वर आली. बापाच्या समोरून गेली, त्याच्याकडे न बघता, आणि विंगेत माझ्यापाशी येऊन थांबली.

"मावशी, कुठे?" तिने विचारलं.

मी बाजूला झाले आणि दोरीजवळची जागा दाखवली. "हॉल कुठलाही असो, अशीच जागा धरायची. इथे."

ती तिथे उभी राहिली. दोरी हातात धरली. मग तिने स्टेजपलीकडे खाली पाहिलं आणि पाहतच राहिली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला, तिच्या जागेवर, पर्स एकटीच पडली होती.

"इथून मी दिसायचे तिला," ठकी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "सगळा वेळ."

ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. चेहरा आईचा आहे तिचा, पण त्या क्षणी त्यावर जे होतं ते आईकडे कधी नव्हतं. ते मला चांगलं ओळखीचं होतं, कारण ते माझ्याकडे आहे.

स्टेजवर भावजी तसेच उभे होते. माणसं वाट बघत होती, कार्यक्रम संपवायचा तर कविता संपायला हवी होती, आणि कविता रानात अडकलेली होती. त्यांनी विंगेकडे पाहिलं. दोरीजवळ मुलगी दिसली तसा त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला, आणि सवयीने मान किंचित कलली.

ठकीला ती कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत येते. लहानपणी प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून कानावर पडून पाठ झालेली, कोणी न शिकवता. रानानंतर काय, विहिरीनंतर काय, उंबऱ्याचं कडवं कसं सुरू होतं, सगळं तिच्या जिभेवर असतं.

तिने बापाकडे नीट रोखून पाहिलं आणि शब्द दिला नाही.